शालूच्या खोलीतलं राहिलेलं काम

शालूला जाऊन महिना उलटला, तेव्हा मांद्र्याला खोल्या भाड्याने देणाऱ्या काकांचा फोन आला. "तुझ्या बायकोने ते नाव बदलून देते म्हटलं होतं..." पार्शे गावातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून आम्ही दोघं हरमल-मांद्र्यातल्या भाड्याच्या खोल्यांची वेबसाइट चालवायचो. तिच्यात खोल्या घेणाऱ्या माणसांचा तक्ता 'गिऱ्हाईक' नावाने होता. काकांना ते खटकायचं. त्यांना 'पाहुणा' हवं होतं.

शालू डिचोलीची. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, अनुजा. "नाव, आडनाव, घर, सगळं एकदम बदललंत. मी आधीची कोण ते इथे कोणाच्या लक्षातच नाही," असं ती हसत म्हणायची. "या खोलीत तरी मला शालूच म्हण रे." मी म्हणत आलो.

कामातही तिचा तोच हट्ट. तक्त्याचं नाव बदलायचं तर त्या मायग्रेशनमध्ये, म्हणजे बदलाच्या त्या टप्प्यात, फक्त नाव, आतल्या रकान्यांना हात लावायचा नाही. एकदा चाचणीच्या प्रतीवर तिनेच घाईत रकानेही बदलले. वेबसाइट ज्यावर उभी होती त्या फ्रेमवर्कला हा जुनाच तक्ता आहे अशी ओळख पटली नाही. त्याने जुना तक्ता पुसून कोरा मांडला, सगळी माणसं गेली. शालू कपाळाला हात लावून बसली, मग म्हणाली, "पळय, बघ ना, हे तर माझं लग्नच झालं."

परवा सकाळी ते काम हातात घेतलं. तक्त्यातली बहुतेक माणसं तिने फोनवर बोलून, चौकशा करून नोंदवलेली. प्रत काढून ठेवली होती, तरी भीती वाटत होती. ती माणसंही गेली तर तिचं इथे काय उरणार... फक्त नाव बदललं. फ्रेमवर्कने विचारलं, गिऱ्हाईकचंच नाव पाहुणा केलंत का? इथे नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरलं जातं आणि जुना तक्ता पुसला जातो. अशा वेळी शालू खुर्ची सरकवून जवळ यायची आणि प्रश्न मोठ्याने वाचायला लावायची. मी तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तो वाचला. मग 'होय' दिलं. जुनी सगळी माणसं नव्या नावाखाली जशीच्या तशी होती.

सवयीने मोठ्याने बोलून गेलो, "शालू, झालं गो."

आई दारात आली. तिने त्या खुर्चीकडे बघितलं.

"शालू म्हणजे आपली अनुजाच ना रे?"

"होय आई," मी म्हटलं. "तीच."