बोलावण्याआधी

‘बोट सैल सोडा, मास्तर.’

हवालदारानं माझा उजवा अंगठा धरला होता. मुख्याध्यापकांच्या टेबलावर काचेची पट्टी. तिच्यावर रबरी रोलरनं फासलेली काळी शाई. शेजारी चौकोन आखलेला छापील कागद. टेबलावरची सरस्वतीची मूर्ती मुख्याध्यापकांनी आधीच उचलून कपाटावर ठेवली होती. शाई उडू नये म्हणून.

माझ्याआधी शाळेचा शिपाई होऊन गेला होता. त्याच्याआधी झाडूवाली मावशी. ती दाराबाहेर पदराला बोटं पुसत उभी होती. बोटं स्वच्छ होत नव्हती, पदर तेवढा काळा होत होता. माझ्यानंतर कोणी नव्हतं. शेजारची शिक्षकांची खोली माणसांनी भरलेली होती, तरी माझ्यानंतर कोणी नव्हतं.

शाळेतला संगणक चोरीला गेला होता. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे कधीच नव्हती. एक मुख्याध्यापकांकडे, दुसरी चौधरी सरांकडे. त्या दोघांची बोटं कोरडी होती.

आणि खरं सांगायचं तर माझं बोट सैलच होतं. हवालदारानं सांगायच्या आधीपासून सैल होतं. हेच मला आजपर्यंत गिळता आलेलं नाही.

आमच्या जातीचं नाव मी इथं लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. नाव लिहिलं की वाचणारा आधी खिसा चाचपतो आणि मग पुढं वाचतो, म्हणून. इंग्रजानं कायदा करून आमच्या अख्ख्या जातीला जन्मानं चोर ठरवलं. पोटातलं पोरसुद्धा चोर. स्वातंत्र्यानंतर तो कायदा रद्द झाला. सरकारनं आम्हाला ‘विमुक्त’ म्हटलं. मोकळे केलेले. कागद मोकळा झाला. चौकीतल्या पोलिसांना कोणी कळवलं नसावं.

आमची वस्ती धुळे जिल्ह्यात, एका बाजाराच्या गावाबाहेर. तिथं एक रीत होती. आसपास कुठंही चोरी झाल्याचं कानावर आलं की बाप्ये हातातलं काम टाकायचे, तोंडावर पाणी मारायचे, टोपी घालायचे आणि चौकीकडे चालू लागायचे. कोणी बोलावलेलं नसायचं. स्वतःहून जाऊन बसलं की मार कमी बसतो, घरात शिरून बायकांना ओढत नाहीत, एवढाच त्यामागचा विचार. जत्रा भरली तरी जायचं. मंत्री येणार असला तरी जायचं. चौकीच्या भिंतीला पाठ लावून उकिडवं बसायचं. सोडतील तेव्हा उठायचं.

माझे वडील, आबा, सगळ्यांच्या पुढं असायचे. शाळेत जायला लागल्यावर मी एकदा त्यांना म्हणालो, ‘आबा, त्यास्नी तर बलायेल नही.’

आबा टोपी झटकत होते. म्हणाले, ‘बलावाना पहिले जावं. मंग मारतस नही.’

बोटांचंही त्यांनीच शिकवलं. शाईत बोट धरतात तेव्हा ढिलं सोडायचं, ताठ धरलं तर पिरगळतात. इतरांचे बाप पोराला विहिरीत पोहायला शिकवतात. माझ्या बापानं मला हे शिकवलं.

मी शिकलो. वस्तीतला पहिला बी.एस्सी. मी. मग बी.एड. यात मी नम्र होणार नाही. सवलत मिळाली, शिष्यवृत्ती मिळाली, पण रात्री डोळे मीच फोडले. जळगावला एका संस्थेच्या हायस्कुलात विज्ञानाचा शिक्षक म्हणून लागलो. पहिली दोन वर्षं तात्पुरता, मग कायम, असं ठरलेलं. पिंप्राळ्यात खोली घेतली. इस्त्रीचा शर्ट, सायकल, खिशाला पेन. मुलं ‘सर’ म्हणायची. आबा एकदा भेटायला आले तर फाटकाशीच थांबले. आत यायला तयार होईनात. ‘तुना साहेब काय म्हनी?’ एवढंच म्हणाले आणि परत गेले.

नव्वद सालानंतरचे दिवस. शाळेला संस्थेच्या अध्यक्षांनी संगणक दिला होता. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं गेलं, पेढे वाटले. खोलीत चपला काढून जायचं. मुख्याध्यापकांच्या बायकोनं त्याच्यासाठी जरीच्या काठाचं आच्छादन शिवून दिलं. मुलांना तो आठवड्यातून एकदा, हात न लावता बघायला मिळायचा.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्या जगाचा निकाल लागायचा. त्या दिवसांत मतदारांच्या फोटोवाल्या ओळखपत्राची चर्चा होती. चौधरी सर आमच्यात ज्येष्ठ, गणिताचे. सावद्याकडं केळीचे मळे. ते म्हणाले, ‘आज फोटो घेतील, उद्या ठसे. सगळं संगणकात. बटण दाबलं की चोर हजर.’

वाणी बाई नागरिकशास्त्र शिकवायच्या. त्या उसळल्या. ‘आणि माझे ठसे कशाला हो सरकारला? मी काय दरोडे घालते?’

‘ज्यानं काही केलंच नाही बाई, त्याला भीती कशाची?’

‘भीतीचा नाही, कायद्याचा प्रश्न आहे. अटक केल्याशिवाय पोलीस बळंच कोणाचे ठसे घेऊ शकत नाहीत. माणसाला काही खासगी असतं की नाही? उद्या सरकार माझ्या डब्यात डोकावेल.’

‘डब्यात भरीत असलं तर मी आजच डोकावतो.’

सगळे हसले. मीही हसलो. मग चौधरी सर माझ्याकडे वळले. ‘तुम्ही विज्ञानवाले. बोला की.’

मी नुकताच नववीच्या मुलांना ठशांचा प्रयोग करून दाखवला होता. काचेच्या पेल्यावर पावडर भुरभुरायची, मऊ ब्रशनं झाडायची आणि बोटाच्या रेषा उमटलेल्या बघायच्या. मुलं वेडी झाली होती. मी म्हणालो, ‘ठसा खोटं बोलत नाही. सगळ्यांचे घेतले तर काय वाईट आहे?’

मनापासून म्हणालो मी ते. का, ते आता सांगतो. सगळ्यांचे घेतले तर माझ्या बापाचे ठसे त्या सगळ्यांत जाऊन मिसळतील, असं मला वाटत होतं. अध्यक्षांचा अंगठा, चौधरी सरांचा अंगठा, आबांचा अंगठा. एकाच पेटीत. मला तो न्याय वाटत होता. मशीन जात विचारत नाही, असं मी वर्गात सांगायचो.

मशीन विचारत नसेल. बोटं कोणाची आणायची ते मशीन ठरवत नाही.

त्या सकाळी शाळेत पोचलो तर मैदानात घोळका. शिपाई सांगत होता, खोलीचं कुलूप उघडं, संगणक गेला, आच्छादन तेवढं जमिनीवर पडलंय. शिक्षक तिथंच उभे राहून तर्क लढवत होते. कोणी म्हणत होतं भुसावळची टोळी, कोणी म्हणत होतं भंगारवाले. चौधरी सर चहा मागवा म्हणाले.

मी सायकल लावली. हौदावर गेलो, तोंडावर पाणी मारलं. आणि चालू लागलो. मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेलो, आत शिरलो, भिंतीशी जाऊन उभा राहिलो. पाठ भिंतीला लागलेली. हात पुढं, एकावर एक.

मला कोणी बोलावलं नव्हतं.

मुख्याध्यापक पोलिसांना फोन लावत होते. रिसीव्हर खाली ठेवून त्यांनी मला पाहिलं.

‘तुम्ही इथं कसे?’

‘चोरी झाली म्हणून...’

‘चोरी झाली म्हणून तुम्ही इथं? सगळे बाहेर आहेत. तुम्हालाच यावंसं का वाटलं?’

काय सांगणार होतो? की मी आलो नाही, माझे पाय आले? की चोरीचं नाव ऐकलं की आमच्या घरातले पुरुष असेच उभे राहतात? माझा जातीचा दाखला त्यांच्याच कपाटात होता. त्यांनी एकदा कपाटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. पुढचं काही विचारलंच नाही. म्हणाले, ‘बसा इथंच. कुठं जाऊ नका.’

बी.एस्सी., बी.एड. इस्त्रीचा शर्ट. आणि आत चौकीची भिंत तशीच उभी. माझ्यावर पहारा ठेवायला शिपाई लागत नव्हता. तो पहारा माझ्या पायांत घालून ठेवलेला होता, मी चालायला शिकलो तेव्हापासून.

मग हवालदार आला. मावशी झाली, शिपाई झाला, माझी पाळी आली. मी आपणहून हात पुढं केला. त्यानं अंगठ्याला शाई लावली, नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि थांबला. बोट उलटसुलट करून बघितलं. माझ्या गावाचं नाव त्याला मुख्याध्यापकांनी आधीच सांगितलं असणार.

‘वा मास्तर, हात एकदम तयार शे तुमना,’ तो म्हणाला. ‘घराण्याचा सराव दिसतो.’

मुख्याध्यापक हसले. मोठ्यानं नाही. ओठातल्या ओठात. दारात चौधरी सर आणि वाणी बाई येऊन उभे होते. चौधरी सरही हसले.

मी हात ओढून घेतला.

‘काय झालं?’ हवालदार म्हणाला.

‘सगळ्यांचे घ्या.’

‘कोणाचे सगळ्यांचे?’

‘ज्यांच्याकडं किल्ली आहे त्यांच्यापासून सुरू करा. मुख्याध्यापक, चौधरी सर, मग शेजारची सगळी खोली. शेवटी मी. रांगेत उभा राहीन.’

‘शहाणपणा शिकवू नको. हात आण.’ मास्तरवरून तो ‘तू’वर आला. ‘तुझ्या बापानं कधी नाही म्हटलं नाही रे!’

‘मला अटक केलीय का?’

‘करू का?’

‘करा. कोणत्या गुन्ह्यासाठी ते लिहून द्या. मग हात तुमचा. अटक केल्याशिवाय बळंच ठसे घेता येत नाहीत.’ मी दाराकडं बघितलं. ‘बाई, तुम्हीच सांगितलं होतं. बरोबर ना?’

वाणी बाईंनी पदर सारखा केला. मग हळू आवाजात, समजुतीनं म्हणाल्या, ‘अहो, देऊन टाका ना. दोन मिनिटांचं तर काम आहे. तुम्ही काही केलेलं नाही, तर भीती कशाची?’

परवा हेच वाक्य चौधरी सरांनी म्हटलं तेव्हा बाई उसळल्या होत्या. तेव्हा बोटं त्यांची होती.

मुख्याध्यापक म्हणाले, ‘अजून कायम झालेला नाहीत तुम्ही. विचार करा.’

विचार केला. खोटं कशाला सांगू, केला. खोलीचं भाडं, वस्तीत पाठवायचे पैसे, फाटकाशी थांबलेले आबा. सगळं डोळ्यांपुढून गेलं. दहा बोटांचं काम होतं. करून टाकलं असतं तर नोकरी राहिली असती आणि कोणत्या तरी पेटीत बापाच्या कागदावर माझा कागद जाऊन पडला असता. माझ्यानंतर माझ्या पोराचा.

‘माझा तास आहे,’ मी म्हणालो आणि निघालो. हवालदार एक पाऊल पुढं आला, पण अडवलं नाही त्यानं. लिहून द्यायचं म्हटल्यावर त्याच्याकडं लिहायला काही नव्हतं.

नववीच्या वर्गात गेलो. खडू उचलला तर तो काळा झाला. पहिल्या बाकावरची मुलगी आनंदानं म्हणाली, ‘सर, आज परत ठशांचा प्रयोग?’

‘नाही,’ मी म्हणालो. ‘आज प्रयोग नाही. मला चोर समजून पोलिसांनी शाई लावली.’

मी तो अंगठा पुसला नाही. त्याच हातानं फळ्यावर तास पुरा केला.

लोक विचारतात, चोर सापडला का? सगळ्यांना तेवढंच हवं असतं. मी सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही सुटकेचा श्वास टाकाल. म्हणाल, बघा, बिचारा निर्दोष होता. माझे हात माझे आहेत ते मी निर्दोष ठरलो म्हणून नव्हे. चोर सापडला असता, न सापडला असता, मी स्वतः चोर असतो, तरी त्या खोलीत तीनच माणसांची बोटं का काळी झाली, हा प्रश्न तिथंच उभा राहतो. आधी त्याचं उत्तर द्या.

वर्ष संपलं. ‘सेवेची आवश्यकता नाही’ असं पत्र आलं. निरोपाला कोणी आलं नाही. मावशी तेवढी फाटकाशी थांबली होती. म्हणाली, ‘भाऊ, मले बी “नही” म्हनता येतं का रे?’ मी म्हणालो, ‘येतं, अक्का.’ तिनं मान हलवली आणि झाडू उचलला.

मी धुळ्याला आलो. शिकवण्या धरल्या.

त्या वर्षी गावची जत्रा आली तेव्हा वस्तीतच होतो. सकाळीच आबांनी तोंडावर पाणी मारलं. टोपी झटकली. मी दारात आडवा बसलो.

‘आबा, कोनी बलायं का तुमले?’

‘सरक.’

‘बलावतीन तव्हय जाऊत.’

‘मारतीन रे!’ आबा ओरडले. ‘तुनी नोकरी गई, आते माले मारतीन!’ आणि त्यांनी माझ्या तोंडात मारली. ते मला ओलांडून गेले. वस्तीतले बाकीचेही त्यांच्यामागं गेले. मी एकटा दारात राहिलो.

संध्याकाळी आबा परतले. चौकीत त्यांना विचारलं होतं, तुझा मास्तर कुठाय? आबांनी काय सांगितलं ते मला शेजाऱ्यानं सांगितलं. खाली बघत, पण सगळ्यांसमोर सांगितलं होतं. ‘तो येवाव नही.’ येणार नाही तो.

त्यासाठी त्यांना दोन काठ्या जास्त बसल्या. पाठीवर वळ होते. माय तेल लावत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. त्या काठ्या माझ्या होत्या, हे मला माहीत आहे. त्या विसरायच्या नाहीत, आणि त्यांच्या भीतीनं उठायचंही नाही. दोन्ही.

म्हणून हे सही करून लिहितो आहे. कुठं चोरी झाली, जत्रा भरली, मंत्री आला, तर मी माझ्या घरात असेन. पत्ता तुमच्या चौकीत आहेच, आमचे पत्ते तुम्ही कधी हरवले नाहीत. काम असेल तर तुम्ही चालत या. दाराबाहेर उभे राहा. कशासाठी आलात ते कागदावर लिहून आणा. मला वाचता येतं. वाचीन, आणि मग उठायचं की नाही ते मी ठरवीन.

वस्तीतल्या पोरांना आता मी बोट ताठ कसं धरायचं ते शिकवतो.