इजिप्तचा सल्ला आणि सासूबाईंची म्हैस

इजिप्तला गेल्यावर कोणाच्या वस्तूची तारीफ करू नये, हा सल्ला मी ब्रह्मपुरीजवळच्या माझ्या सासुरवाडीत दिला आणि त्या घरचा चहा कायमचा काळा झाला.

माझा साळा नामदेव कापसाचं शिकायला सरकारी खर्चाने इजिप्तला निघाला होता. लढाईच्या काळात मी तिकडच्या छावणीत राहिलेलो. (कांदे सोलत! पण हे गावात कशाला सांगा?) म्हणून सासऱ्यांनी अंगणात खाट टाकून मला बसवलं. मीही सुटलो. ऊन कसं चुकवायचं, बाजारात भाव कसा पाडायचा, सगळं सांगितलं. मग म्हणालो, "तिथं तू कशाले चांगलं म्हटलं का मालक म्हणते, घेऊन जा. आपण नाई-नाईच म्हणत राह्याचं. ते नुसती रीत आहे."

नामदेवला उमगेना. म्हणून करून दाखवायला मी गोठ्याकडे हात केला. "वा मामाजी, काय म्हस आहे तुमची!"

सासरे उठून म्हशीचं दावं सोडू लागले. आमच्याकडे जावयाचं मन सासरच्या वस्तूवर गेलं की ती त्याची, हे मी इजिप्तच्या नादात पार विसरलो होतो!

"न्या, जवाईबापू," ते म्हणाले.

मी तिकडच्या रीतीने नको म्हणालो. त्यांना वाटलं जावई रुसला, त्यांनी म्हशीची तान्ही वगारही देऊ केली. मी पुन्हा नको म्हणालो, तर तणसाची, म्हणजे भाताच्या पेंढ्याची, गाडी वाढली. नामदेव समजवायला गेला, तर सासऱ्यांनी त्यालाच दटावलं, की मनातलं असंच तोंडी येत असते. शेवटी बायकोने सैपाकघराच्या दारातून डोळे वटारले. आता गप्प नाही बसलो तर धानाचं वावर येणार होतं.

त्या घरची एकुलती एक म्हैस माझ्या गोठ्यात आली. परत न्या म्हणालो, तर जावयाला दिलेलं कोणी परत घेते का? त्यात ती सासूबाईंशिवाय कोणाला कासेला हात लावू देईना. मग त्या माउली रोज सकाळी नाला ओलांडून यायच्या, दूध काढायच्या, भरली बादली लेकीच्या हाती द्यायच्या आणि पाण्याचा घोटही न घेता परत जायच्या. (लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ना!) घरी जाऊन काळा चहा. मी शरमेने तोवर तणसाच्या ढिगामागे बसून राहायचो.

नामदेव परतल्यावर आमच्याकडे आला तेव्हा मी हळूच विचारलं, माझा सल्ला कामी आला का.

"आला नं, भाऊजी. कशालेच चांगलं म्हटलं नाई मी. आईची म्हस डोळ्यापुढं उभी राहे."

तेवढ्यात बायकोने चहा आणला. घट्ट दुधाचा, झकास झाला होता. मी मान खाली घालून प्यालो, पण चांगला झाला म्हणायची हिंमत झाली नाही.