उघड्या पाठीचा आतेभाऊ

माझ्या आतेभावाइतका निर्लज्ज माणूस मिठबावात दुसरा नाही, असे गावाचे मत आहे. त्याच्याइतका लाजरा अख्ख्या देवगड तालुक्यात नाही, असे माझे. नाच शिकायला बंगळूरला गेला आणि पडायची सवय घेऊन आला. अंगणात, पोस्टाच्या पायरीवर, कुठेही धाडकन पडतो. आत्या हळद घेऊन धावते. "काय झाला रे?" "पडाक शिकतंय गो, आये!" एसटीच्या कंडक्टरचे गुडघे धक्के कसे झेलतात, हे त्याने तळेऱ्यापासून वाकून वाकून पाहिले. शेवटी कंडक्टर वैतागला, "तिकीट गाडीचा काढलंस, माझ्या ढोपरांचा नाय!"

लहानपणी अंगावर उकळते पाणी सांडून याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत भाजली. तेव्हापासून समुद्रातही सदरा घालूनच उतरायचा. आता त्याने नाच बसवला तो नेमका त्या पाठीचा. अंगावर फक्त अर्धी चड्डी. आणि तो त्याला आपल्याच गावापुढे, जत्रेत करायचा होता.

जत्रेच्या समितीने कळवले, सदरा घाल, नाहीतर नाव काढतो. मी भडकलो. पत्रक काढले : 'रापणीचे जाळे ओढताना तुम्ही उघडे, पूजेला बसताना उघडे, मग शरम याच्याच पाठीची का?' त्याने ते दोनदा वाचले. "बरा लिवलंस रे. पण ह्यात माझी पाठ खंय आसा?"

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. समितीचे अध्यक्ष स्वतः उघड्या अंगाने जाळ्याची दोरी ओढत होते. हा त्यांच्यासमोर गेला, सदरा काढला आणि पाठ केली. पडला, उठला, पुन्हा पडला. "ह्याच्या अंगात इला काय?" कुणीतरी हसले. मग कुणी हसेना. तो थरथरत होता, आणि ते काही नाचात बसवलेले नव्हते.

रापणीत राबणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो. अध्यक्षांनी बांगड्यांचा एक वाटा याच्यापुढेही ठेवला.

"आणि जत्रेतलं नाव?" मी तडकून विचारले.

"ता समिती बघतली. हो घामाचो वाटो."

यादीतून नाव निघाले ते निघालेच. पुढच्या जत्रेला अर्ज पुन्हा जाणार, सदऱ्याशिवाय, पत्रकही निघेल. त्यात एवढेच येणार नाही, की त्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या गर्दीतून आत्या पुढे झाली आणि पदराने त्याच्या पाठीवरची वाळू झटकू लागली. इतक्या वर्षांत त्याने ती पाठ तिलाही शिवू दिली नव्हती. तो हलला नाही. वाळू केव्हाच निघाली होती, तरी ती झटकतच राहिली.