ओली खळ

मैद्याची खळ शिजल्याचा वास आला की बारामतीकडचा साखर कारखाना आठवतो; स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती, कारखाना नुकताच उभा राहत होता. वाफेच्या पाइपांवर उष्णता टिकावी म्हणून दिलेल्या लेपाला कापड गुंडाळून वरून खळ चोपडायची, हे आमचं काम. गाळपाची पहिली मोळी टाकायचा मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा, आणि शिडीवर माझे खांदे गळून गेलेले. खालून म्हातारे मिस्त्री ओरडले, "वाळलं का रं?" मी हात न लावताच म्हणालो, "व्हय, तात्या." वाफ सोडली, तसं ते ओलं कापड भाकरीसारखं टम्म फुगलं आणि जागोजागी फाटलं. तात्या एवढंच म्हणाले, "काढा समदं," आणि स्वतःच आधी शिडी चढले. आता सुनेनं दोरीवरचं धोतर वाळलं का विचारलं, तरी मी कण्हत उठतो, हात लावतो, मगच बोलतो.