शेवटच्या वर्षाला आलेले उस्ताद

कॉलेजच्या पहिल्याच दिवशी मावशीला दोन मुलींनी वर्ग झाडायला सांगितला. त्यांची तरी काय चूक? सत्तेचाळीस वर्षांची बाई, खांद्याला कापडी पिशवी, सकाळी साडेसातला रिकाम्या वर्गात मागे उभी. त्या म्हणाल्या, मावशी, फळ्याखाली फार धूळ झालीय हो. मावशीने पिशवीतून कोरी वही काढून दाखवली आणि म्हणाली, धूळ मलाही दिसतेय, चला, तिघी मिळून झाडू.

तेव्हापासून सगळं कॉलेज तिला मावशी म्हणायला लागलं. ती माझी सख्खी मावशी, आईची धाकटी बहीण, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्यांत राहणारी. तिला मावशी म्हणायचा हक्क जन्मापासून माझ्या एकटीचा. तो असा शंभर-दीडशे पोरांत वाटला गेला, ते मला अजिबात आवडलं नाही. हेवा आमच्या घराण्यातच आहे, हे आधीच सांगून ठेवते.

कॉलेजच्या आधी चोवीस वर्षं मावशी एका मोठ्या रुग्णालयात टेलिफोन ऑपरेटर होती. जिन्याखालची बिनखिडकीची खोली, एक पंखा, एक स्विचबोर्ड. चारशे एक्स्टेन्शन तोंडपाठ. तिचा आवाज सगळ्या डॉक्टरांच्या ओळखीचा, चेहरा एकाच्याही नाही. ज्यांना ती रोज सकाळी फोन जोडून द्यायची, तेच लिफ्टमध्ये तिला विचारायचे, तुमचा पेशंट कितव्या मजल्यावर आहे? पुढे फोन आपोआप लागायला लागले, तिची खोली औषधांच्या खोक्यांनी भरली आणि मावशीला मुदतीआधीच घरी पाठवलं. लग्न तिने केलं नव्हतं. आजी, जिच्यासाठी ती थांबली होती, तीही त्याच वर्षी गेली. घर खायला उठलं तेव्हा मावशीने कॉलेजचा अर्ज भरला. विषय घेतला भूगोल. ज्या ज्या गावांना आपण इतकी वर्षं फोन जोडून दिले ती आहेत तरी कुठे, हे तिला एकदा बघायचं होतं.

पहिली दोन वर्षं तिचे पाय जमिनीवर नव्हते. मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि दुपारी जेवायला घरी येते. मावशी कॉलेजच्या गोष्टी सांगायला दारातच उभी असायची. खिडकीजवळचा तिसरा बाक तिचा. नकाशे काढायच्या काचेच्या टेबलाखालचा दिवा तीच लावणार. तिची प्रात्यक्षिकाची वही मुली नमुना म्हणून घरी न्यायच्या, आणि भूगोलाचे सर भर वर्गात म्हणायचे, रेघ कशी असावी ते मावशींच्या वहीत बघा. कॅन्टीनवाला न सांगता तिच्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवायचा. फाटकापासून वर्गापर्यंत पाच मिनिटांची वाट, तिला वीस मिनिटं लागायची, कारण दर चार पावलांवर कुणीतरी थांबवायचं.

माझ्या आईला वाटायचं, या तरण्या पोरींना बघून हिला वाईट वाटत असेल. तसं काही नव्हतं. त्यांचं वय त्यांना लखलाभ, असं मावशी म्हणायची, आणि ते मनापासून होतं. त्या सगळ्या काळ्याभोर गर्दीत पिकलेल्या केसांचं एकच डोकं होतं आणि ते तिचं होतं. तिचं सगळं सुख यातच आहे, हे तिलाही तेव्हा कळलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाला उस्ताद आले.

अठ्ठावन्न वर्षांचे, ट्रकचालक. बत्तीस वर्षं गाडी चालवून सोडली आणि पहिली दोन वर्षं घरी अभ्यास करून, बाहेरून परीक्षा देऊन काढली. शेवटचं वर्ष तरी वर्गात बसून करायचं, असा त्यांचा हट्ट. क्लीनर लोक ज्या नावाने हाक मारायचे तेच नाव त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं आणि मुलांनी ते उचललं. ते मावशीच्या मागच्या बाकावर बसले. आपल्या वयाचं माणूस पाहून त्यांना इतका आनंद झाला, की पहिल्याच तासाला त्यांनी तिला 'ताई' म्हणून पेन मागितलं. मावशीने दिलं. घरी येऊन मला म्हणाली, बिचारे.

हे 'बिचारे' चार दिवस टिकलं.

पाचव्या दिवशी सरांनी एका घाटाचा नकाशा फळ्यावर लावला आणि उंचीच्या रेषांवरून चढ कसा ओळखायचा ते विचारलं. मावशी उठली. रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, लांब गेल्या की सौम्य, असं तिने पुस्तकातल्यासारखं सांगितलं. सर बरोबर म्हणाले. मग उस्तादांनी हात वर केला. ते फळ्यापाशी गेले, रेषांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे दुसरा गिअर टाकावा लागतो. इथे या वळणाला भरलेली गाडी मागे सरकते, म्हणून क्लीनर दगड घेऊन बरोबर चालतो. आणि इथून उतरताना ब्रेकवर पाय दाबून धरला तर जळका वास येतो, तो आला की देवाचं नाव घ्यायचं. तास संपल्याची घंटा झाली, कुणी उठेना. सर म्हणाले, एवढी वर्षं मी हा नकाशा शिकवतोय, पण आज पहिल्यांदा चढलो.

"मी सांगितलं तेही बरोबरच होतं," मावशी मला जेवताना म्हणाली. जेवण होईपर्यंत तिने हे तीनदा सांगितलं.

तिथून तिचं पोटात दुखणं सुरू झालं. नदीचा विषय निघाला की मुलं मागे वळून उस्तादांकडे बघणार. वाळवंट निघालं, तर उस्तादांनी तिथे रात्री गाडीखाली झोपून काढलेल्या. मावशीने ज्या गावांना नुसते फोन जोडले होते, तिथल्या टपऱ्यांवर या माणसाने चहा प्यायला होता. कॅन्टीनमध्ये मुलं आता त्यांच्या टेबलाभोवती खुर्च्या ओढायची. मावशीचा चहा अजून बिनसाखरेचा यायचा, पण फाटकापासून वर्गापर्यंत ती आता आठ मिनिटांत पोचायला लागली. घड्याळात बघून सांगायची.

तिने त्यांच्यातली खोट शोधायचा चंग बांधला. ते तंबाखू खातात म्हणाली. ते खात नव्हते. मोठ्याने हसतात म्हणाली. हसायचे, पण तशी तीही हसायची. शेवटी सापडलं. उस्तादांना लिहिता येत नव्हतं. म्हणजे यायचं, पण एकेक अक्षर दगड बसवल्यासारखं; तीन तासांच्या पेपरात त्यांचे दोन प्रश्न व्हायचे. हे कळलं तेव्हा मावशी दोन दिवस फार प्रसन्न होती. मला ते बघवलं नाही. पण मी काही बोलले नाही, कारण कुणाच्या तरी फजितीने खूश होण्याचा मलाही अनुभव आहे.

वर्ष संपताना विभागाचा निरोप समारंभ असायचा. जाणाऱ्या मुलांतर्फे एकाने बोलायचं. पहिल्या वर्षापासून सगळे धरून चालले होते की मावशीच बोलणार, आणि सगळ्यांत जास्त मावशी. सुरुवातीची वाक्यं तिने मला ऐकवूनही झाली होती. मग वर्गात हात वर करून मतं घेतली आणि उस्ताद निवडून आले. मावशीला अकरा मतं पडली. त्यातलं एक उस्तादांचं होतं.

संध्याकाळी ते स्वतः आमच्या इमारतीत आले. मावशीच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी विनवलं, की मला बोलता येतं, पण तिथे कागद हातात असलेला बरा, नाहीतर घसरायचो. तुमच्यासारखं लिहिणारं वर्गात दुसरं कुणी नाही, तेवढं लिहून द्या. मावशी चटकन हो म्हणाली. इतक्या चटकन, की मलाच शंका आली.

दोन दिवस खपून तिने चार पानं लिहिली. आपल्या सुंदर अक्षरात, समास पाडून. मी वाचायला घेतली आणि दुसऱ्या ओळीत अडले. ज्ञानपिपासा, कृतकृत्यता, अनिर्वचनीय ऋणानुबंध. तिसऱ्या पानावर, कॉलेजात पाऊल टाकताना मी किंकर्तव्यमूढ झालो होतो, असं वाक्य होतं.

"हे त्यांना वाचता येईल का?" मी विचारलं.

"लायब्ररीत शब्दकोश आहे," मावशी म्हणाली आणि कागद लिफाफ्यात घातले.

समारंभाला घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून मी गेले. सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत तिशीतली एक बाई मोबाईल सरसावून बसली होती. ती उस्तादांची मुलगी. उस्ताद इस्त्रीच्या सदऱ्यात वर गेले, कागद उघडला आणि वाचायला लागले. भरलेली गाडी चढाला लागावी तसे ते वाचत होते. प्रत्येक शब्दापाशी थांबायचं, दम घ्यायचा, पुढे जायचं. मुलं आधी कौतुकाने ऐकत होती, मग चुळबुळायला लागली. 'किंकर्तव्यमूढ'पाशी ते तीनदा अडले. मागून कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. उस्तादही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता कागद घडी घालतील आणि त्यांचं ते बोलतील. त्यांनी तसं केलं नाही. चारही पानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मुलीने मोबाईल केव्हाच खाली ठेवला होता.

टाळ्या पडल्या, दयेपोटी पडतात तेवढ्याच. मग सरांनाच कसंतरी वाटलं असावं. त्यांनी माईक घेऊन मावशीलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मावशी वर गेली. कागदाशिवाय पाच मिनिटं बोलली, पहिल्या दिवशीच्या धुळीची गोष्ट सांगितली, पोरींना हसवलं, दोघी-तिघींना रडवलं. सगळं सभागृह उभं राहिलं. सगळ्यांत जोरात टाळ्या उस्ताद वाजवत होते.

तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती लायब्ररीत त्यांच्यासमोर जाऊन बसली. पुढचं मला तिनेच सांगितलं.

"ते भाषण मी मुद्दाम तसं लिहिलं होतं," ती म्हणाली.

"मला शंका आली होती," उस्ताद म्हणाले. "पुढच्याची गाडीच हळू आहे की तो मुद्दाम वाट देत नाहीये, एवढं आम्हाला कळतं, ताई."

"मग वाचलंत कशाला?"

"म्हटलं, कॉलेजात असंच बोलत असतील. आठ दिवस शब्दकोश घेऊन बसलो होतो." मग ते बराच वेळ समोरच्या पुस्तकाची पानं सरळ करत राहिले. "मुलगी रजा टाकून आली होती. तिच्यासमोर तेवढं व्हायला नको होतं."

मावशीने माफी मागितली. असू द्या, असं ते म्हणाले नाहीत. पुस्तक घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले.

पंधरा दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. वर्ग संपले होते, परीक्षा तोंडावर आली होती. मावशीने आपल्या सगळ्या वह्या बांधून त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी परत आणून दिल्या. वह्या नकोत, म्हणाले. तीन तासांत चार प्रश्न कसे लिहायचे, तेवढं शिकवता आलं तर शिकवा.

मग रोज सकाळी लायब्ररीत टेबलावर मनगटी घड्याळ ठेवून ती त्यांना लिहायला बसवायची. काय गाळायचं, कुठे आकृती काढून दहा ओळी वाचवायच्या, हे दाखवायची. तिला वाटलं होतं, आता आपलं मन निवळेल. छे. त्यांचे पेपर तपासताना तिचा जळफळाट उलट वाढला, कारण या माणसाला खरोखरच तिच्याहून जास्त येत होतं. नदी वळण का घेते, यावर त्यांनी स्वतः पाहिलेल्या तीन नद्या लिहिल्या होत्या. मावशी त्यातल्या दोन खोडायची, वेळ पुरावा म्हणून, आणि खोडताना आपण वेळेसाठीच खोडतोय ना, हे मनाला पुनःपुन्हा विचारायची.

निकाल लागला. मावशीला पहिला वर्ग मिळाला. उस्तादांचा एक पेपर राहिला, सांख्यिकीचा. शेवटचा प्रश्न लिहायचा राहून गेला होता. पदवी घ्यायला मंचावर मावशी गेली तेव्हा पिकलेल्या केसांचं डोकं पुन्हा एकटं तिचंच होतं. तिने आम्हाला फोटोही धड काढू दिला नाही.

चार दिवसांनी ती कॉलेजात दाखला आणायला गेली. लायब्ररीचं कार्ड परत करावं लागलं. ग्रंथपालबाईंनी ते तिच्यासमोरच कात्रीने कापलं, नियमच तसा. बाहेर पायऱ्यांवर उस्ताद भेटले. त्यांनी राहिलेल्या पेपरासाठी पुन्हा नाव नोंदवलं होतं. म्हणजे आणखी सहा महिने. नवं कार्ड होतं, आणि वर्गात मागे बसायला सरांनी परवानगी दिली होती. मुलगी जरा रागावली म्हणाले, पण ते स्वतः काही दुःखात दिसले नाहीत. पहिल्या वर्षाच्या पोरांनी त्यांना लांबूनच हाक मारली आणि ते निघाले. वळून म्हणाले, ताई, मंगळवारी येताय ना घड्याळ घेऊन?

येते, असं ती म्हणाली. आणि बाहेरचं माणूस म्हणून फाटकावर वहीत नाव लिहून ती दर मंगळवारी गेलीही. सहा महिन्यांनी त्यांचा तो पेपर सुटला.

पण दाखला आणला त्या दिवशी दुपारी मी जेवायला आले, तेव्हा मावशी दारात नव्हती. आत पलंगावर दाखला मांडीवर घेऊन बसली होती. मी विचारलं, काय झालं?

"त्यांना अजून सहा महिने मिळाले," ती म्हणाली. "नापास होऊन."

मी हसले. तिला हसू आलं नाही. ती खरोखरच जळत होती.