जायफळ जरा जास्त

डोंबिवलीच्या घरात मी आता एकट्यापुरती कॉफी करतो, बिनदुधाची. काल कल्याणच्या बाजारातून आणलेल्या खड्या मसाल्यात एक जायफळ निघालं. पुडी सोडताच त्याचा वास ओट्यावर पसरला.

माझ्या बायकोला, वर्षाला, किमोमुळे चव लागेनाशी झाली होती. घास तोंडातच फिरायचा, वजन उतरत होतं. चव परतली की खाणंही परतेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून मी रोज वेगळी कॉफी करायचो. कधी शेजारच्या मामींनी शिकवलेली फिल्टरची, कधी साखरेबरोबर फेटून पांढरी केलेली. वर्षा दोन घोट घ्यायची. "गरम लोखंड," म्हणायची. "तुझ्यापेक्षा ऑफिसचं मशीन बरं रे."

एका रविवारी दुपारी मी तिच्या आईच्या पद्धतीने नुसत्या दुधात कॉफी उकळली. उशीला टेकून ती हळूहळू सगळा कप प्यायली.

"अरे, आज चव लागली," ती म्हणाली. "जायफळ मात्र जरा जास्त घातलंस."

रिकामा कप घेऊन मी जवळजवळ धावतच स्वयंपाकघरात आलो. किसणी कोरडी होती. शेजारी जायफळ अख्खं पडलं होतं. किसायचं राहूनच गेलं होतं.

"काय रे, ऐकलंस ना?" आतून तिने विचारलं.

"उद्या कमी घालतो," मी म्हणालो. मीच तिला सांभाळून घेतोय, अशी तेव्हा माझी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दुप्पट जायफळ किसलं. घरभर वास सुटला. तिने कप संपवला, माझ्याकडे बघून हसली.

"हां," म्हणाली, "आता बरोबर."