जेवणाच्या सुट्टीत थांबणारा भूकंप

मी विम्याच्या ऑफिसात क्लेम तपासते. अंधेरीला माझं टेबल आहे. तिथे रोज कोणाचं तरी दुकान जळतं, कोणाची गाडी चोरीला जाते, आणि त्यातलं खरं किती नि रचलेलं किती हे हुडकायचा मला पगार मिळतो. त्यामुळे भांडुपला आमच्या सोसायटीच्या मागे एक बाई हेल्मेट घालून जुन्या दगडखाणीचा कडा न्याहाळत उभी दिसली, तेव्हा ती बिल्डरचं माणूस असणार हे मी जिन्यातच ठरवून टाकलं.

दिवसच तसे होते. इमारत पाडून टॉवर बांधायची बोलणी चालू होती. निम्म्या घरांच्या संमत्या गेल्या होत्या, आणि न देणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. आमच्याच गल्लीतली एक इमारत आधी धोकादायक ठरली, मग रिकामी झाली, आणि तिथली माणसं अजून भाड्याच्या घरात दिवस काढताहेत. माझी आई सत्तरीच्या पुढची. गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिला परक्या घरात नेलं आणि तिथेच तिचं काही झालं तर? मला या एकाच गोष्टीची भीती वाटायची आणि त्या भीतीपायी मी सगळ्यांशी भांडत होते.

त्या बाई भूगर्भशास्त्राच्या संशोधक निघाल्या. म्हणजे तसं त्यांनी सांगितलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी समजावलं की ज्वालामुखी बहुतेक भूपट्टांच्या कडेला असतात, मग आपल्याकडे खंडाच्या आतल्या भागात एवढा लाव्हा का वाहिला, याचा त्या शोध घेताहेत. आपण बसलोय तो काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हाच. लांब कुठेतरी मोठा भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून इथपर्यंत येतात. एखाद्या दगडातून त्या जोरात जातात, एखाद्यातून रेंगाळतात, आणि त्यावरून खोल खाली काय दडलंय ते कळतं. त्यासाठी खाणीच्या पायथ्याशी असलेल्या पडीक दगडी खोलीत त्यांना एक यंत्र ठेवायचं होतं.

इथपर्यंत सगळे माना डोलावत होते. मग बाई सहज म्हणाल्या की इथले लाव्हाचे थर समुद्राच्या बाजूला कललेले आहेत.

डोलणाऱ्या माना थांबल्या. ज्यांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, तोंडावर आहे, त्यांच्यासमोर 'कललेले' हा शब्द काढायचा नसतो. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं की म्हणजे जमीनच धोकादायक आहे का. बाई हसून म्हणाल्या, ते थर करोडो वर्षं तसेच आहेत. मला मात्र हसू आलं नाही. आतापर्यंत इमारती धोकादायक ठरवत होते, आता खालचा दगड ठरवणार, असं माझं पक्कं मत झालं. कुठेतरी पाणी मुरत होतं.

यंत्राला मी नाही म्हणाले नाही. उलट खाणीकडे जाणाऱ्या मागच्या फाटकाची चावी माझ्याकडे राहील, ही अट घातली. बाई महिन्या-दोन महिन्यांनी यायच्या, माझ्यासमोर यंत्राच्या डब्यातली माहिती उतरवून घ्यायच्या. मी शेजारी उभी राहून त्यांच्या बॅगेवर नजर ठेवायचे. त्यांनी एकदा मला चहाला बोलावलं, तर त्यातही मला लाच दिसली.

गणपतीत आमची अर्धी सोसायटी कोकणात रिकामी होते. मीही गावी गेले. जिन्यांची चढउतार आणि एसटीचा प्रवास झेपेना म्हणून आई एकटीच घरी राहिली.

परत आल्यावर संशोधक बाईंचा फोन आला. या वेळी संशय त्यांच्या आवाजात होता. खाणीजवळ कोणी काय केलं, असं त्यांनी विचारलं. मी खाली गेले. लॅपटॉपवर एरवी बारीक थरथरणारी रेघ दिसायची, तिथे ओळीने काही दिवस जाड काळे पट्टे होते. सकाळी सुरू, संध्याकाळी बंद. भर दुपारी मध्येच रेघ शांत, आणि थोड्या वेळाने पुन्हा दणदण. मला भूकंपातलं काही कळत नाही, पण रचलेला क्लेम कळतो. भूकंप जेवायला सुट्टी घेत नाही.

खोलीच्या मागे गेलो तर जमिनीत ताज्या सिमेंटने बुजवलेलं भोक होतं. टॉवरच्या पायासाठी जमीन तपासतात, तेव्हा बोअर मारून दगड काढतात, तसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संमती पूर्ण होण्याआधीच, आम्ही गावी गेल्याचा मोका साधून बिल्डर आणि सेक्रेटरीने मिळून मशीन आत आणलं होतं. बाईंना तिथेच उभं ठेवून मी थेट सेक्रेटरीच्या दारात गेले आणि नाही नाही ते बोलले. चोर म्हणाले, विकला गेलेला म्हणाले.

तो लहानपणापासूनचा शेजारी. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"फाटकाची चावी कोणाकडे होती?" तो म्हणाला. "तुझ्याच घरी विचार ना."

मी तिन्ही जिने न थांबता चढले. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती. मी काही विचारायच्या आधीच तिने मान हलवली. हो, चावी मीच दिली, म्हणाली. मशीनवाल्या पोरांना दोरीला बांधून वरून चहाही सोडला. आणि संमतीच्या कागदावर सहीही केली आहे. घर तिच्याच नावावर होतं, हे भांडणाच्या नादात माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

"अगं, मी कोणासाठी भांडत होते मग?" माझा आवाज चढला.

"माका काय ठावक?" आई म्हणाली. "माका खाली उतरूचा आसा गो. लिफ्ट होयी. भाजी हातान निवडून घेवची आसा. ह्या खिडकेत बसान माझो जीव इटलो."

"मग मला सांगायचं तरी."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. आवाजात राग नव्हता, म्हणून तिचं बोलणं जास्त लागलं.

"सगळ्यांचो संशय घेतलंस," ती म्हणाली. "माझो घेतलो असतंस, तर निदान माका इचारला तरी असतंस."

खाली बाई अजून उभ्या होत्या. त्यांना निरोप द्यायचंही मला सुचलं नाही. मी आईच्या पायाशी बसले आणि तिला काय हवं आहे ते विचारलं. जेवणाची वेळ टळून गेली तरी ती सांगतच होती.